फुटक्या गाडग्यातील श्रीमंती

आश्विन महिना जवळ आला की वऱ्हाडात आणि मराठवाड्यात घराघरांतील गोधड्या, वाकळी, सतरंज्या बाहेर निघतात. घटस्थापनेपूर्वी सारे घर धुवून काढावयाचे, वर्षभराची धूळ झटकावयाची आणि स्वच्छ झालेल्या घरात घट बसवावयाचा, ही आपली जुनी रीत. याच महिन्यात बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागातील देऊळगाव राजा येथे श्रीबालाजी महाराजांची यात्रा भरते. मराठवाड्याच्या सीमेवरील या नगरीत दोन्ही प्रदेशांतून भाविक येतात, दर्शन घेतात, प्रसाद घेतात आणि समाधानाने परत जातात.

मात्र यात्रा संपल्यावर मागे काय उरते, याचा विचार आपण क्वचितच करतो. उष्ट्या पत्रावळी, अर्धवट खाल्लेले अन्न, फाटक्या पिशव्या आणि गावी गेल्यावर फेडावयाची उसनवार, हा प्रत्येक यात्रेचा न दिसणारा भाग असतो. ज्या एका महापुरुषाने आपले सारे आयुष्य यात्रेच्या या दुसऱ्या बाजूसाठी वाहिले, त्याचे स्मरण या पर्वकाळात करणे उचित ठरेल. तो महापुरुष याच वऱ्हाडच्या मातीतला. घटासारखेच मातीचे, परंतु फुटलेले एक भांडे त्याने हाती घेतले आणि त्या भांड्याच्या नावानेच महाराष्ट्राने त्याला ओळखले. ते म्हणजे श्रीसंत गाडगेबाबा.

परटाघरचा देबू

गाडगेबाबांचे मूळ नाव देबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी आणि आई सखूबाई. गावाचे कपडे धुणे हा घराण्याचा परंपरागत व्यवसाय. परटाच्या घरात वस्त्राचे सारे आयुष्य डोळ्यांदेखत उलगडते. नवे कोरे लुगडे येते, सणाला मिरवते, मग विटते, मग विरते. ते मधोमध विरले की तो भाग कापून टाकून घरची बाई त्याला दंड घालते आणि पुन्हा वर्ष-दोन वर्षे नेसते. पुढे त्याच लुगड्याची गोधडी होते, गोधडीतून उरलेल्या तुकड्यांची बाळाची दुपटी होतात, दुपटी झिजली की चुलीचे पोतेरे होते आणि अगदी शेवटची चिंधी काकड्याच्या उपयोगी पडून उजेड देऊन जाते. कापसाच्या एका धाग्याने किती जणांची किती प्रकारे सेवा करावी, याचा हा पाठ वऱ्हाडातील प्रत्येक गरीब घरात तेव्हा आपोआप मिळत असे.

परंतु त्याच घरात दुसराही एक पाठ मिळाला आणि तो कटू होता. झिंगराजींना मद्याचे व्यसन जडले. जातगंगेची जेवणे, नवस, त्यापायी होणारे मद्यपान आणि त्यासाठी घेतलेले ऋण या चक्रात भरले घर रिकामे झाले. देबूजी अवघे आठ वर्षांचे असताना पित्याचे छत्र हरपले. सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूरजवळील दापुरे या गावी माहेरी आल्या. एका बाजूला चिंधीदेखील वाया न घालविणारी आई आणि दुसऱ्या बाजूला व्यसनात व मानपानात सर्वस्व गमावणारी रूढी, अशी दोन चित्रे त्या बालमनावर कायमची कोरली गेली.

ऋणाचे ओझे

मामा चंद्रभान यांच्याकडे देबूजी वाढले. गुरे राखावी, शेण काढावे, नांगर धरावा, पिकाला पाणी द्यावे, असे करीत ते उत्तम शेतकरी झाले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. १८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. कष्टाने शेती फुलली होती. तथापि मामांची सुपीक जमीन सावकाराच्या कागदांत अडकली. अक्षरशत्रू असल्यामुळे कागदावर काय लिहिले आहे हे घरात कोणालाच कळत नव्हते. जमिनीचा ताबा घेण्यास आलेल्या माणसांना देबूजींनी धीटपणे अडविले, ही हकीगत त्यांच्या चरित्रांत आवर्जून सांगितली जाते. त्या प्रसंगाने त्यांना एक गोष्ट पुरती उमगली. माणसाच्या घराला दोन भोके असतात, एक अज्ञानाचे आणि दुसरे उधळपट्टीचे. आणि त्या दोन्ही भोकांतून सावकार आत येतो.

त्यांच्या मुलीच्या बारशाच्या वेळी याचा प्रत्यय आला. अशा प्रसंगी जातबांधवांना मांसाहार व मद्य द्यावयाचे, त्यासाठी हवे तर कर्ज काढावयाचे, ही त्या काळची रीत होती. देबूजींनी ती मोडली आणि पंगतीला गोडाचे साधे जेवण वाढले. वडीलधारी मंडळी रुसली, टीका झाली. परंतु ते डगमगले नाहीत. पुढे हजारो कीर्तनांतून त्यांनी जो उपदेश केला, त्याचे पहिले आचरण असे स्वतःच्या घरातील पंगतीत झाले.

गाडगे, चिंधी आणि खराटा

१ फेब्रुवारी १९०५ रोजी अठ्ठावीस वर्षांच्या देबूजींनी घर सोडले. अंगावर फाटके वस्त्र, हातात काठी आणि एक मातीचे गाडगे एवढेच बरोबर घेतले. पुढील बारा वर्षे ते गावोगाव भटकले. कोणाच्या शेतात काम चालले असेल तर न बोलावता हाताला हात लावावा, कोणाची गाडी चिखलात रुतली असेल तर खांदा द्यावा आणि मोबदल्यात काही न घेता पुढे चालू लागावे, असा त्यांचा क्रम असे. भूक लागली की चार घरी भाकरी मागावी, सोबत मिळेल ते कोरड्यास, चटणी, कांदा त्याच गाडग्यात घ्यावे आणि कोठे तरी बाजूला बसून खावे. जेवण झाले की तेच भांडे पाण्यासाठी आणि ऊन लागले की तेच डोक्यावर.

त्यांचा वेष पाहून लोक प्रथम हसत. अंगावर नाना रंगांच्या चिंध्या जोडून केलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा. निरखून पाहिले तर या वेषातील एकही वस्तू बाजारातून मुद्दाम आणलेली नव्हती. जे जे लोकांनी निरुपयोगी म्हणून टाकले, ते ते या माणसाने उचलले आणि अंगावर मिरविले. म्हणूनच लोकांनी त्यांना नावेही तशीच दिली. कोठे ते गाडगेबाबा झाले, कोठे गोधडेबुवा, कोठे चिंधेबुवा, तर कोठे लोटके महाराज. संतांना बहुधा गावावरून, गुरूवरून किंवा उपास्य दैवतावरून नाव मिळते. टाकाऊ वस्तूंवरून नाव मिळालेला आणि त्या नावानेच पूज्य झालेला असा महापुरुष दुर्मिळच.

ही केवळ विरक्तीची खूण नव्हती. या वेषात एक रोकडे गणित होते. ज्याच्या गरजा एका फुटक्या भांड्यात मावतात, त्याला कोणाचे मिंधे व्हावे लागत नाही. त्याला सावकार बांधू शकत नाही, धनिक विकत घेऊ शकत नाही आणि सत्ताधारी भीती घालू शकत नाही. बाबांच्या निर्भय वाणीचे मूळ त्या गाडग्यात होते.

यात्रा हेच कार्यक्षेत्र

बाबांनी आपल्या कार्यासाठी अरण्य किंवा आश्रम निवडला नाही. त्यांनी यात्रा निवडली. पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचन येथे पौषातील रविवारी यात्रा भरे. घाट नसल्यामुळे स्नानास उतरणारी माणसे, विशेषतः म्हातारी-कोतारी, चिखलात घसरून पडत. बाबा त्यांना हात देऊन वर काढीत. पुढे त्यांनी लोकवर्गणीने आणि श्रमदानाने तेथे घाट बांधविला. ऋणमोचन म्हणजे ऋणातून सुटका. ज्याचे घर ऋणाने बुडाले, त्याने आपल्या लोकसेवेचा आरंभ त्याच नावाच्या तीर्थावर करावा, हा मोठा बोलका योग म्हणावा लागेल.

गावात पाऊल टाकताच बाबा प्रथम खराटा हाती घेत. रस्ते, गटारे, देवळाचे आवार झाडून होईपर्यंत दिवस मावळे. त्यांना झाडताना पाहून गावकरीही लाजेने खराटे घेऊन येत. रात्री त्याच स्वच्छ जागेवर कीर्तन होई. ते वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि श्रोत्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. कर्ज काढून सण करू नये, नवसासाठी मुक्या प्राण्याचा बळी देऊ नये, दारूला शिवू नये, शिवाशिव पाळू नये, हे त्यांचे सांगणे असे. वेळ पडली तर जेवणाचे ताट मोडावे, भाकरी हातावर घेऊन खावी, अंगावर स्वस्तातले वस्त्र घालावे. परंतु मुलांना शाळेत घालावे, हा त्यांच्या उपदेशाचा गाभा होता.

या शेवटच्या उपदेशाकडे नीट पाहिले पाहिजे. बाबांनी काटकसर शिकविली ती पैसा पुरून ठेवण्यासाठी नव्हे. ताटातून वाचलेला पैसा पाटीकडे जावा, सणातून वाचलेला पैसा पुस्तकाकडे जावा, असा त्यांचा हिशोब होता. ज्या काटकसरीचे पाणी कोठल्याच रोपाला मिळत नाही, ती काटकसर त्यांच्या लेखी कृपणताच होती.

जुने आपल्याला, नवे दुसऱ्याला

बाबांच्या जीवनाची खरी थोरवी आणखी एका गोष्टीत आहे. स्वतः चिंध्या पांघरणाऱ्या या माणसाने इतरांना मात्र कधी चिंध्या दिल्या नाहीत. पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक अशा ठिकाणी त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांसाठी बांधली, कारण विठ्ठलाच्या दारी येऊनही त्यांना डोके टेकावयास छप्पर नव्हते. पुढे १९४९ साली ती वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपविली. मुंबईत उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांच्या नातलगांची होणारी परवड पाहून त्यांच्यासाठीही त्यांनी निवारा उभा केला.

त्यांच्या अन्नसत्रांत आंधळे, पांगळे, महारोगी सन्मानाने पंगतीला बसत आणि त्यांना ताजे अन्न वाढले जाई. उष्टे-खरकटे गरिबाच्या पदरात टाकून दानाचे पुण्य मिळवावयाचे, ही समाजातील रीत त्यांना मान्य नव्हती. शिळी भाकरी स्वतः खावी, ताजी पाहुण्याला द्यावी. विरलेले वस्त्र स्वतः नेसावे, धडके दुसऱ्याला द्यावे. काटकसर आणि कंजुषी यांमधील सीमारेषा याहून स्पष्टपणे कोणी आखलेली नाही. कंजूष मनुष्य दुसऱ्याच्या ताटातून वाचवितो. काटकसरी मनुष्य स्वतःच्या ताटातून वाचवितो.

लोकांनी विश्वासाने दिलेला पैसा संस्थांच्या कामी लागला. त्यातील कपर्दिकही बाबांनी स्वतःसाठी वापरली नाही. कोणी पाया पडू लागला की ते दूर पळत. आपल्या कुटुंबीयांनाही या संस्थांच्या संपत्तीचा लाभ मिळणार नाही, याची त्यांनी कटाक्षाने काळजी घेतली. त्यांनी घर सोडले तेव्हा वृद्ध आई, पत्नी आणि लहान लेकरे मागे राहिली होती. बाबांच्या त्यागाचे आपण गुणगान करतो, पण त्या त्यागाची किंमत कुंताबाईंनी आयुष्यभर मोजली, हेही विसरता कामा नये. १९२३ साली एकुलता एक पुत्र गोविंदा गेला. ती वार्ता कानी आली तरी बाबांनी हाती घेतलेले काम थांबविले नाही. ही कठोरता सामान्य संसारी माणसाला पेलणारी नाही आणि तिचे अनुकरण करण्याचे कारणही नाही. ज्या साधेपणाचे सारे ओझे घरातील एकट्या स्त्रीवर पडते, तो साधेपणा अपुराच राहतो, एवढा बोध मात्र आपण त्यातून अवश्य घ्यावा.

८ फेब्रुवारी १९५२ रोजी या विस्तारलेल्या कार्यासाठी श्रीगाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. अखेरपर्यंत बाबांचे फिरणे आणि कीर्तन सुरूच होते. २० डिसेंबर १९५६ रोजी प्रकृती बिघडली असता त्यांना अमरावतीकडे नेले जात होते. वाटेत वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर, त्यांनी देह ठेवला. कोट्यवधी लोकांच्या हृदयात घर असलेल्या या माणसाच्या नावावर स्वतःचे म्हणावे असे घर नव्हते. अमरावतीत आज गाडगेनगरात त्यांची समाधी आहे, तेथील विद्यापीठाला त्यांचे नाव आहे आणि राज्य शासनाने २०००-०१ पासून सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानालाही त्यांचेच नाव दिलेले आहे.

शेगावची पत्रावळ

बुलढाणा जिल्ह्याला तर या शिकवणीचा आणखी एक वारसा लाभला आहे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगाव येथे श्रीगजानन महाराज प्रथम लोकांच्या दृष्टीस पडले ते देविदास पातुरकर यांच्या घराबाहेर. आत भोजनसमारंभ चालला होता आणि बाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरील भाताची शिते वेचून महाराज खात होते, असे परंपरा सांगते. बंकटलाल अगरवाल यांनी ते पाहिले आणि अन्नाने भरलेले ताट त्यांच्यासाठी आणविले. योगायोग असा की दिनदर्शिकेतील हीच तारीख दोन वर्षे आधी गाडगेबाबांची जन्मतारीख ठरली होती. एकाने शीत वेचून दाखविले, दुसऱ्याने चिंधी वेचून दाखविली. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या समाजाला त्याच्याच उकिरड्यावर ते ब्रह्म या दोघांनी दाखवून दिले.

आपल्या घरातील गाडगे

आता आपल्या घराकडे वळू. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण विभागाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे ६० टक्के नासाडी घरगुती स्वयंपाकघरांत झाली. हॉटेले आणि दुकाने यांच्याकडे बोट दाखविणाऱ्या आपणां सर्वांना हा आकडा अंतर्मुख करणारा आहे. ओल्या कचऱ्याच्या डब्यात जे पडते, त्यासाठी कोणा शेतकऱ्याने पेरणीला कर्ज काढलेले असते, कोणा मजुराने भर उन्हात निंदणी केलेली असते. वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या कर्जाची कहाणी आपण नित्य वाचतो. मग त्याच्या घामाचे दाणे आपल्या ताटात उरतात तरी कसे?

आपल्या आजीला हा प्रश्न कधी पडला नाही, कारण तिच्या घरात कचरा नावाची वस्तू जवळजवळ नव्हतीच. रात्रीची भाकरी सकाळी कुस्करून फोडणीला जाई. उरलेल्या भाताला कांद्याची फोडणी मिळे. आंबट झालेल्या ताकाची कढी होई. दोडक्याच्या शिरांची चटणी वाटली जाई, कोथिंबिरीच्या काड्या आमटीत पडत. धान्य धुतलेले पाणी तुळशीला, भाजीची देठे आणि डाळीची टरफले गुरांच्या दावणीला, पऱ्हाट्या आणि तुराट्या चुलीला, चुलीतील राख भांडी घासावयास आणि उरलेसुरले सारे उकिरड्यावर. वर्षअखेर तो उकिरडाही शेतात जाऊन पुन्हा धान्य होई. घरातून निघालेली वस्तू फिरून घरात येई. हे चक्र तुटले ते आपण वस्तू अधिक वापरू लागलो म्हणून नव्हे. पुरती न वापरताच टाकू लागलो म्हणून.

गावाकडे आज गुरे कमी झाली, चुली विझल्या, हे खरे. तरीही पुष्कळ काही आपल्या हाती आहे. बाजारात जाण्यापूर्वी घरातील डबे उघडून पाहावेत आणि जुने धान्य, जुने पीठ आधी संपवावे. सणाच्या स्वयंपाकाला किती माणसे जेवणार हे मोजून मगच आधण ठेवावे. ताटात थोडे थोडे वाढावे, लागेल तसे पुन्हा घ्यावे. कापडी पिशवी शिवावयास जुने लुगडे किंवा जुनी विजार पुरे होते. साली-देठांसाठी अंगणात एक खड्डा करावा, अंगण नसेल तर एखादी जुनी बादली पुरते. काही महिन्यांत तेथे काळे, भुसभुशीत खत तयार होते. थर्माकोलच्या ताटल्या आणि प्लास्टिकची द्रोण-वाटी यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. परंतु कायदा दारापर्यंत येतो. पंगतीत काय वाढावयाचे आणि कशात वाढावयाचे, हे यजमानालाच ठरवावे लागते. यात्रेला निघताना घरचा तांब्या आणि घरची ताटली पिशवीत टाकली, तर तीही बाबांच्या गाडग्याचीच परंपरा होय.

यातून महिन्याकाठी जे चार पैसे वाचतील, ते कोठे जावेत हे बाबांनी सांगूनच ठेवले आहे. ते मुलीच्या शिक्षणाकडे जावेत, घरच्या कर्जाच्या हप्त्याकडे जावेत, दारी आलेल्या भुकेल्याच्या ताजी भाकरीकडे जावेत.

या नवरात्रात घरोघर मातीचा घट बसेल. त्यात माती असेल, पाणी असेल, सप्तधान्य असेल. नऊ दिवसांत अंकुर वर येतील आणि दसऱ्याला ते आपण मस्तकी धारण करू. ज्या मातीचा घट झाला त्याच मातीचे गाडगे झाले. एक देवघरात पूजिले जाते, दुसरे एका अनाथाच्या हाती गावोगाव फिरले. श्रीबालाजींच्या चरणी मस्तक ठेवून बाहेर पडताना यात्रेच्या वाटेवर पडलेली एखादी पत्रावळ आपण वाकून उचलली, तर त्या दुसऱ्या घटाचीही पूजा घडेल आणि आपले सीमोल्लंघन खऱ्या अर्थाने सार्थकी लागेल.